सावली बसून राहायची, पण तिचं काम सुरूच असायचं

व्हिडिओ जेमतेम १४ सेकंदांचा होता. धाकटीचं धावणं टिपावं म्हणून आईने मोबाइल धरला होता. तीन वर्षांची मुलगी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये धावत येते, सोफ्याला वळसा घालते, आनंदाने किंचाळते, परत फिरते. कोपऱ्यात एक काळी-पांढरी कुत्री पोट जमिनीला टेकून बसलेली. पहिले नऊ सेकंद ती जागची हलतही नाही. दहाव्या सेकंदाला उठते. मुलीच्या मागे लागत नाही. सोफ्याच्या पलीकडून मोठा वळसा घेऊन थेट तिच्या समोर येते. मुलगी दचकून उलटी फिरते, आणि त्याच क्षणी कुत्रीचे पुढचे दात पायजम्याच्या टाचेजवळच्या कापडात रुततात. मुलगी पडते. व्हिडिओ तिथे संपतो.

कुत्र्यांच्या वागण्यातल्या अडचणी सोडवणं हे माझं काम. आईने तो व्हिडिओ मला पाठवला तेव्हा खाली एकच ओळ लिहिली होती: ‘ताई, ती अगदी शांत बसली होती हो, मग अचानक काय झालं?’

या प्रकरणातली सगळी गाठ त्या एका ओळीत होती. मला ती उकलायला तीन आठवडे लागले, आणि त्यातली चूक माझी होती. ती पुढे सांगतेच.

घरात आई, वडील, आजी, सहा वर्षांचा मुलगा आणि ही तीन वर्षांची मुलगी. कुत्री बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या वळण्यासाठी घडवलेल्या जातीची, वय साडेतीन वर्षं, नसबंदी झालेली. तिला इथे सावली म्हणते. तिचं खरं नाव आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. दातांचा दाब कापडावर पडला होता, कातडी फुटली नव्हती. घोट्यापाशी मसुराएवढा लाल ठिपका उठला होता, इतकंच. तरी पहिल्याच फोनवर मी जे सांगितलं ते इथेही सांगते. कातडीला नुसता ओरखडा गेला असला तरी जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. घरचंच कुत्रं आहे, लसी झाल्या आहेत, म्हणून हे टाळायचं नाही.

ही पहिली वेळ नव्हती. गेल्या दोन महिन्यांत टाचेला, पोटरीला आणि एकदा फ्रॉकच्या घेराला असे चार चिमटे बसले होते. वडिलांनी ओरडून पाहिलं होतं, एकदा मानगूट धरून खाली दाबलंही होतं. त्यानंतर सावली वडील घरात असताना उठायची नाही, ते बाहेर गेले की उठायची. ओळखीतल्या कुणीतरी विजेचा झटका देणारा पट्टा सुचवला होता आणि तो मागवायचा की नाही यावर घरात दोन तट पडले होते. मी नको म्हटलं, तेही स्पष्ट शब्दांत. झटका बसतो त्या क्षणी कुत्रीच्या डोळ्यांसमोर काय असतं? ती तीन वर्षांची मुलगी. दुखणं आणि मुलगी यांची सांगड तिच्या डोक्यात बसली, तर आज जी मुलीला वळवायला उठते ती उद्या मुलगी जवळ येताच घाबरून उठेल. कापडाला लागणारा दात आणि भीतीने लागलेला दात यांत फार अंतर असतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात हेच सांगितलं आहे: कुत्र्याला शिकवताना बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, झटका, गळा आवळणारा पट्टा किंवा मारझोड यांना कुठल्याही परिस्थितीत जागा नाही.

घरी जाण्याआधी मी आईला दहा दिवस वही ठेवायला सांगितली. चार रकाने: किती वाजता, मुलं काय करत होती, सावलीने काय केलं, मोठ्यांनी काय केलं. मत नको, फक्त दिसलं ते. ‘अंगावर गेली’ असं न लिहिता ‘उठली, चार पावलं चालली, थांबली’ असं. आईला सुरुवातीला हे किचकट वाटलं, पण आजीने वही मनावर घेतली. दहा दिवसांत १७ नोंदी झाल्या आणि त्यांतल्या १३ संध्याकाळी सहा ते आठ या वेळातल्या निघाल्या. मुलं बसून खेळत असतानाची नोंद एकही नाही. सहा नोंदींमध्ये थोरला मुद्दाम सावलीसमोरून धावला होता, कारण आपण धावलो की ती मागे येते हे त्याला कळलं होतं आणि त्याला ती गंमत वाटत होती. आणखी एक गोष्ट वहीतून निघाली, ती कुणी विचारलीही नव्हती. साडेपाच ते सव्वासहा वडील सावलीला अंगणात चेंडू टाकायचे. ‘दमली की शांत होईल’ म्हणून.

घरी गेले तेव्हा सावलीने मला हुंगलं, शेपूट हलवली आणि आपल्या जागी जाऊन बसली. ती जागा मी बराच वेळ पाहत राहिले. हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं, मुलांच्या खोलीचं दार दिसतं आणि जिनाही दिसतो. घरात गाद्या दोन होत्या, पंख्याखालची गार फरशी होती, पण ती इथेच बसायची. कळपावर नजर ठेवणाऱ्याला हवी तशी जागा तिने घरात स्वतः शोधून काढली होती.

आजींनी चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, ‘अहो, पण ती पोरांची राखणच करते ना? त्यात वाईट काय?’

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. राखण करणारी कुत्री वेगळी आणि वळणारी, म्हणजे कळप हाकणारी, वेगळी. कळपाची राखण करणाऱ्या जाती, पायरिनीज पर्वतातले मोठे पांढरे कुत्रे घ्या, मेंढ्यांमध्येच वाढतात, त्यांच्यातच झोपतात, आणि त्यांनी मेंढीवर डोळा रोखणं किंवा तिच्या मागे धावणं हा दोष मानला जातो. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याचं अगदी उलट. त्याचं कामच मेंढीला अस्वस्थ करून हलवण्याचं आहे. लांडग्याची शिकार एका क्रमाने चालते: हेरणं, टक लावणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी कुत्र्यांच्या कामकरी जातींकडे याच क्रमाने पाहिलं. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून कॉलीमध्ये या क्रमाचा मधला भाग, म्हणजे टक, दबा आणि पाठलाग, फुगवला आणि शेवटचा भाग दाबला. दाबला, पुसला नाही. हालचालीने फार चेतलेल्या कॉलीचे दात टाचेपर्यंत पोचू शकतात. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि कॉर्गी या गुरं वळणाऱ्या जातींमध्ये तर टाचेला चिमटा हा कामाचाच भाग, कारण बैल नुसत्या नजरेने हलत नाही.

कॉलीची ती नजर ही तर या जातीची कमाई. आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प हा कुत्रा १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. तो न भुंकता, न झोंबता, नुसत्या डोळ्याच्या दाबावर मेंढ्या हलवायचा अशी त्याची ख्याती, आणि पुढच्या मेंढपाळांनी पिल्लं निवडली ती त्याच्यासारखी. सावलीच्या डोळ्यांत जे होतं ते असं हौसेने घडवलेलं होतं. तिला द्वेष नव्हता, मत्सर नव्हता, ‘मुलांपेक्षा आपण वरचढ’ असला काही हिशेबही नव्हता. लहान मूल वेडंवाकडं धावतं, उंच आवाजात किंचाळतं, एकाएकी दिशा बदलतं. कळपातून फुटलेलं कोकरूही हेच करतं.

आजींना मी म्हटलं, ‘ती राखत नाही, वळते.’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे पोरांना गुरं समजते म्हणा की.’ अगदी तसं नाही, पण जवळचं आहे.

पहिली पायरी पशुवैद्याची. वागणं एकाएकी बिघडलं किंवा वाढलं की दुखणं आधी तपासायचं, हा माझा न मोडणारा नियम आहे. सावलीच्या मागच्या उजव्या पायाच्या खुब्याभोवती स्नायू आखडलेले निघाले. दाबलं की ती मान वळवून ओठ चाटायची. चेंडूमागे सुसाट धावून पाय घसरत थांबायचं, पुन्हा पुन्हा, चाळीस-चाळीस मिनिटं. डॉक्टरांनी दोन आठवडे औषध दिलं आणि चेंडू बंद करायला सांगितलं.

चेंडू बंद करायचं माझं कारण वेगळं होतं. चेंडूचा खेळ म्हणजे टक, दबा, पाठलाग, पकड. तोच क्रम, तोही अर्ध्या तासात शंभरदा. त्यातून कुत्रं दमतं हे खरं, पण निवत नाही. सव्वासहाला सावली आत यायची तेव्हा तिची जीभ लांब लोंबलेली, डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या, कान ताठ. आणि नेमकी त्याच वेळी मुलं दिवसभराचं साठलेलं धावून काढत असायची. वडिलांना हे पटवणं सगळ्यात जड गेलं. चाळीस मिनिटं रोज घाम गाळून ज्या प्रेमाने माणूस काहीतरी करतो, तेच मूळ दुखणं आहे असं त्याला सांगायचं, तर शब्द जपून वापरावे लागतात. मी त्यांना तेवढ्याच वेळाचं दुसरं काम दिलं: लांब दोरी लावून संथ फेरी, आणि सावलीला हवं तितकं हुंगू द्यायचं. एका झुडपापाशी तिला पाच मिनिटं घालवायची असतील तर पाच मिनिटं. नाक चालू असताना तिचा श्वास आणि चाल दोन्ही संथ होतात, हे त्यांनी तिसऱ्याच दिवशी स्वतः पाहिलं.

झोपेचंही तसंच. वयात आलेलं कुत्रं चोवीस तासांतला निम्मा वेळ, पुष्कळदा त्याहून जास्त, झोपेत किंवा डुलकीत घालवतं. आजींच्या मोजणीत सावलीची झोप आठ तासांच्या आसपास भरत होती, कारण मुलं जागी असेतो ती जागी. झोप न झालेलं लहान मूल संध्याकाळी कसं किरकिरतं ते आई-वडिलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आता माझी चूक.

पहिला बेत मी असा आखला: हॉल आणि आतली खोली यांच्यामध्ये जाळीचं फाटक, सावलीच्या हार्नेसला घरात फिरताना दोन मीटरची हलकी दोरी, आणि गादीवर बसण्याचा सराव. सावलीला ‘लाय डाउन’ हा शब्द पक्का येत होता. मुलगी पलीकडे चालणार, सावली गादीवर पडून राहणार, आई दर काही सेकंदांनी खाऊ देणार. दोन आठवडे सगळं सुरेख चाललं. मुलगी चालली, मग भरभर चालली, मग हळू धावली. सावली गादीवरून उठली नाही. आई खूश, मीही खूश. वहीत रोज ‘उठली नाही’ अशी नोंद.

सतराव्या दिवशी मुलगी हातात लाल फुगा घेऊन स्वयंपाकघरातून उड्या मारत आली. सावली सहा मिनिटं गादीवर होती. ती उठली नाही, सुटली. आईने दोरीवर पाय दिला म्हणून निभावलं. सावलीचा पंजा मुलीच्या खांद्याला लागला, दात लागले नाहीत. मुलगी घाबरली, आई रडली.

सरावाचं चित्रीकरण होतं. त्या रात्री ती सहा मिनिटं मी आवाज बंद करून चार वेळा पाहिली. सावली गादीवर होती हे खरं, पण कशी? मागचे दोन्ही पाय अंगाखाली सारखे दुमडलेले, कुठल्याही क्षणी उसळायला तयार. हनुवटी गादीपासून चार बोटं वर. तोंड मिटलेलं. डोळे मुलीवर, पापणी लवत नाही. आई खाऊ देते तो ती मान न वळवता, नजर न हलवता, बोटांना दात लावत ओढून घेते. सहा मिनिटांत मी तिला शांत राहण्याचं नव्हे, टक लावण्याचं बक्षीस दिलं होतं. एकदा नाही, दोन आठवडे रोज.

आणि मग तो शब्द. मी वडिलांना फोन करून विचारलं, सावली तुमच्याकडे कुठून आली? चौदा महिन्यांची असताना, मेंढ्या असलेल्या एका शेतावरून. तिथे तिला मेंढ्यांवर थोडंफार शिकवलं होतं. हे मला पहिल्या भेटीत कळायला हवं होतं. मी जात विचारली, वय विचारलं, आधीचं काम विचारलं नाही. इंग्रजी शब्दांवर काम करणाऱ्या मेंढपाळाच्या तोंडी ‘लाय डाउन’ म्हणजे थांब, आहेस तिथे दब, कळपावरची नजर हलवू नकोस, पुढचा हुकूम येतोय. तो विश्रांतीचा शब्द नाहीच. तो कामाच्या मधला शब्द आहे. काम संपलं हे सांगायला मेंढपाळ वेगळा शब्द वापरतात, ‘दॅटल डू’. तो ऐकला की कुत्रं मेंढ्यांकडे पाठ फिरवून धन्याकडे येतं. या घरात सावलीला दिवसातून वीसदा ‘दब, नजर ठेव’ असं सांगितलं जात होतं, आणि ‘सुट्टी झाली’ असं अडीच वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या व्हिडिओकडे पुन्हा गेले. ‘अगदी शांत बसली होती हो.’ नऊ सेकंद ती शांत नव्हती, ती कामावर होती. कॉली भुंकते, उड्या मारते तेव्हा लोकांना धोका वाटतो. मला आता ती गोठते तेव्हा वाटतो. लहान मुलांच्या घरात ज्यांच्याकडे अशी कुत्री आहेत त्यांनी दुसरं काही नाही तरी हा फरक डोळ्यांत बसवून घ्यावा. निवलेलं कुत्रं एका कुशीवर कलंडतं, मागचे पाय एका बाजूला सोडतं, हनुवटी टेकतं. तोंड जरासं उघडं, ओठ सैल. डोळे मिचकावतं, मधूनच दुसरीकडे पाहतं, जमीन हुंगतं. कामावरचं कुत्रं दगडासारखं दिसतं.

दुसरा बेत यातूनच निघाला. ‘लाय डाउन’ हा शब्द घरातून हद्दपार. गादी हॉलमधून उचलून फाटकापलीकडच्या खोलीत, आणि फाटकावर खालपासून कंबरेपर्यंत जाड चादर बांधली. नजर हे जिचं हत्यार, तिला दिसलंच नाही तर निम्मं काम तिथेच थांबतं. तिचा तो लाडका कोपरा एका बुटक्या कपाटाने भरून टाकला. तिथून पहारा करायची सवय मोडायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ती कपाटापाशी उभी राहून हलकेच कुंई करायची, आणि आईचा जीव तुटायचा.

मग नवा शब्द: ‘झालं’.

सुरुवातीला समोर काहीच नव्हतं. आई मऊ आवाजात ‘झालं’ म्हणायची, वळून दुसऱ्या खोलीत जायची आणि तिथे जमिनीवर आठ-दहा बारीक खाऊ विखरायची. सावलीने नाकाने शोधून खायचे. दिवसातून पाच-सहा वेळा, आठवडाभर. आठव्या दिवशी ‘झालं’ म्हणताच सावलीची मान आधी फिरू लागली, पाय नंतर. तेव्हा समोर हळू घरंगळणारं खेळणं आणलं. मग चालणारे वडील, मग पळणारे वडील, आणि त्यानंतरच मुलं: अंगणात, आठ मीटरवर, सावली दोरीवर. आधी थोरला चालत, मग थोरला पळत, धाकटी सगळ्यात शेवटी. धाकटीचं धावणं हा या कुत्रीसाठी सगळ्यात अवघड पेपर होता आणि तो पाचव्या आठवड्यापर्यंत आम्ही समोर ठेवलाच नाही.

बक्षिसाची जागाही बदलली. सावलीने मुलांकडे पाहिलं की आई ‘हो’ म्हणायची आणि खाऊ सावलीच्या शेपटीच्या बाजूला, मागे टाकायची. तो घ्यायला तिला पूर्ण वळावंच लागे. पाहिलं, ‘हो’, वळ, हुंग, खा. चार-पाच दिवसांनी ती पाहून आपणहून वळू लागली आणि आईकडे बघू लागली, ‘हो’ची वाट पाहत. खाऊ कसा घेते यावर अंतर ठरायचं. बोटांना दात लागले की आम्ही जास्त जवळ आलो आहोत. काही न बोलता चार पावलं मागे. खाऊ घेतलाच नाही तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. आईने बोटांवरून हे ओळखण्यात जी समज मिळवली ती कुठल्याही यंत्राला जमली नसती.

संध्याकाळची सहा ते साडेसात ही वेळ मात्र आम्ही शिकवण्यासाठी वापरलीच नाही. हुंगण्याची फेरी झाली की सावली आतल्या खोलीत, दार लावून, चघळायला काहीतरी घेऊन. वडील म्हणाले, ‘म्हणजे कोंडूनच ठेवायचं ना?’ मी म्हटलं, तिला ज्या वेळी हमखास चूक होणार हे आपल्याला वहीतून दिसतंय, त्या वेळी तिला मुलांसमोर उभं करणं ही तिच्यावर खरी जबरदस्ती आहे. पहिले तीन दिवस ती दारापाशी बसली. चौथ्या दिवशी आजी हळूच डोकावल्या तर ती पाय ताणून घोरत होती.

मुलांबद्दल थोडक्यात सांगून भागणार नाही. तीन वर्षांच्या मुलीला ‘धावू नकोस’ सांगणं निरर्थक आहे, आणि मला ते अन्याय्यही वाटतं. तिने धावावं, कुत्री कुठे असावी हे मोठ्यांनी पाहावं. आम्ही तिला एकच गोष्ट शिकवली, खेळ म्हणून: आई ‘झाड!’ म्हणाली की जागीच उभं राहायचं, हात अंगाशी, पायांकडे बघायचं. थांबलेल्या झाडाला वळवायचं काय? तिला हा खेळ इतका आवडला की ती बाहुल्यांनाही झाड करायची. पण मी आई-वडिलांना बजावलं होतं, हा खेळ आहे, सुरक्षेची व्यवस्था नाही. खऱ्या भीतीच्या क्षणी तीन वर्षांचं मूल पळणारच.

थोरल्याचं वेगळं होतं. तो खोडकर असला तरी सावलीवर त्याचा जीव होता. एकदा सराव संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन कुजबुजला, ‘मावशी, मी पळायचो म्हणून ती वाईट झाली का?’ त्याच्या मनात हे किती दिवस होतं कोण जाणे. मी त्याला जवळ बसवून सांगितलं की ती वाईट झालेली नाही, तिला सुट्टी कधी होते हे कळत नाहीये, आणि ते शिकवायला मला त्याची मदत लागेल. त्याला फाटकाची जबाबदारी दिली. येता-जाता कडी लागल्याचा ‘टक्’ आवाज ऐकायचा, मगच पुढे जायचं. त्याच्याइतकं काटेकोरपणे ते घरात कुणीच पाळलं नाही. खाऊ विखरून ‘शोध’ म्हणण्याचा खेळही तोच खेळवू लागला, मोठं माणूस शेजारी असताना. पाठलागाच्या गमतीची जागा या खेळाने घेतली, आणि मला वाटतं नुसतं ‘तसं करू नकोस’ सांगून ती कधीच भरली नसती.

धाकटीला सावलीच्या गळ्यात हात टाकून तोंड चिकटवायची सवय होती. फोटोंमध्ये ते फार गोड दिसतं. त्या फोटोंमध्ये सावलीचे कान मागे, मान दुसरीकडे वळवलेली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. सगळ्यांना वाटायचं ती लाजते. लहान मुलांना कुत्र्याचा चेहरा वाचता येत नाही. दात दाखवणारं कुत्रं त्यांना हसणारं वाटू शकतं. आणि त्यांची उंची अशी की चावा बसला तर तो बहुतेकदा तोंडावर, मानेवर बसतो. मिठी बंद केली. त्याऐवजी बसून, मोठ्यांच्या मांडीवरून, सावली आपण होऊन आली तरच खांद्यावर तीनदा हात फिरवायचा आणि हात काढायचा. तिने परत नाक लावलं तर पुन्हा तीनदा. ती निघून गेली तर जाऊ द्यायचं. बऱ्याचदा ती निघून जायची, आणि ते आईला सुरुवातीला लागायचं.

तोंडाला जाळीचा मझल घालायची सवयही आम्ही सावकाश लावली, त्यात खाऊ ठेवून, तीन आठवड्यांत. पाहुणे आले किंवा पशुवैद्याकडे जायचं असलं तर उपयोगी पडावा म्हणून. मझल घातला म्हणून मुलांजवळ मोकळं सोडायचं नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून आले.

नऊ आठवड्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा अंगणात धाकटी गवतावर गोल गोल धावत होती. सावली लांब दोरीवर, सहा मीटरवर. मुलगी किंचाळली. सावलीचं डोकं खाली गेलं, खांद्याच्या रेषेत आलं, एक पुढचा पाय उचलला गेला. आईने काही म्हटलं नाही, दोरीही ओढली नाही. मी श्वास रोखून होते. मग तिचा कान हलला, पाय खाली आला आणि ती वळून आईच्या चपलेपाशी गवत हुंगू लागली. आई म्हणाली ‘झालं’, आणि मूठभर खाऊ गवतात टाकला. ओढ गेली नव्हती, जाणारही नाही. ती हाडामांसाची आहे. पण ओढ आणि उडी यांच्यामध्ये आता एक फट होती, आणि त्या फटीतून ती स्वतः बाहेर पडली होती.

हे सगळं सरळ चढत गेलं असं नाही. सहाव्या आठवड्यात घरात चार पाहुणी मुलं आली आणि दार कुणीतरी उघडं टाकलं. सावलीने दोन मिनिटांत पाचही मुलांना जिन्याखालच्या कोपऱ्यात गोळा केलं; थोरला मात्र फाटकाबाहेर उभा राहून आईला हाका मारत होता. दात कुणाला लागले नाहीत. त्यानंतर आम्ही ठरवलं की पाहुणी मुलं येणार असतील तेव्हा सावली त्या घरात नसेलच, ती आजींबरोबर शेजारच्या नातेवाइकांकडे राहील. घरच्या दोन मुलांशी शिकलेलं ती परक्या मुलांना लागू करेल ही अपेक्षा मला आजही नाही.

पाच महिन्यांनंतरची स्थिती अशी. चिमटा एकही नाही. घरात मुलं बसलेली असताना सावली त्यांच्यात मोकळी असते, एक मोठं माणूस मोबाइल बाजूला ठेवून तिथे असेल तरच. मुलं धावायला लागली की ती फाटकापलीकडे, आणि आता बहुतेक वेळा आपणहून जाते, फाटकाशी उभी राहून कुणीतरी उघडायची वाट बघते. तिला जायचं असतं, हे मला फार मोलाचं वाटतं. एकट्या मुलांबरोबर ती एक मिनिटही नसते, आणि धाकटी शाळेत जायला लागली तरी हे बदलणार नाही असं मी सांगून ठेवलं आहे. वडील आता तिला वासावरून वस्तू शोधायला शिकवतात. चेंडू माळ्यावर गेला.

वही आजींनी सुरू ठेवली आहे, मी थांबवायला सांगूनही. परवा त्यांनी पानाचा फोटो पाठवला. चौथा रकाना, मोठ्यांनी काय केलं, त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. बाकीच्या तिन्हींत त्यांचं गोल वळणदार अक्षर: ‘७.१०. धाकटी जिन्यावरून ओरडत उतरली. सावली कुशीवर. डोळा उघडला, मिटला.’